दहाव्या एकाने नेमकं काय बिघडवलं?

पाटीपेन्सिल

परवा रात्री जेवणं आटोपल्यावर लेक (सहावीत आहे) चौकटींची वही घेऊन ओट्यापाशी आली. वर्ग पाठ करता करता तिला हे सापडलं होतं:

१ × १ = १
११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

"आई, हे असंच पुढे जातं का गं?" मी भांडी विसळत "जात असेल" म्हणून मोकळी झाले. अर्ध्या तासाने बघते तर बाईसाहेबांनी नऊ एकांपर्यंत सगळे गुणाकार हाताने केलेले. शेवटच्या पानावर एक्याऐंशी एक, आणि खाली १२३४५६७८९८७६५४३२१. इतकं सुंदर उत्तर की तिने त्याला लाल स्केचपेनने चौकट केली होती.

दहा एकांचा गुणाकार तिने केलाच नाही, सरळ १२३४५६७८९१०९८७६५४३२१ लिहून टाकलं. मला कुठून बुद्धी झाली कोण जाणे, मी म्हटलं, एकदा करून तर बघ. केला. आलं १२३४५६७९००९८७६५४३२१. पुन्हा केला, पुन्हा तेच. मध्ये दोन शून्यं, आणि डावीकडचा ८ गायब! रडकुंडीला येऊन म्हणते, "माझं चुकलं की गणिताचं?"

मी म्हटलं, नऊनंतर अंक संपतात ना, म्हणून. तर म्हणे, "संपतात म्हणजे? दहा आहे की." माझी बोलती बंद.

तर मंडळी, दहाव्या एकाने असं काय केलं? आणि त्या लाल चौकटीतल्या सतरा अंकी संख्येला काही नावबिव आहे का?

कोकमसरबत

पहिला!
दहावीला सगळंच बिघडतं ताई. माझी गुणपत्रिका पुरावा म्हणून जोडू का?

बायनरीबाळू

लेकीला शाबासकी द्या, कारण तिने संगणकापेक्षा बरं काम केलंय. आत्ता ब्राउझरमध्ये १११११११११ × १११११११११ टाकून पाहिलं. उत्तर १२३४५६७८९८७६५४३२०. शेवटी शून्य! विषम गुणिले विषम बरोबर सम, हे फक्त संगणकालाच जमतं.

कारण सांगतो. तिथे साधी संख्या ज्या पद्धतीने साठवतात, तीत २ च्या ५३व्या घातापर्यंतच, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतच, प्रत्येक पूर्णांक अचूक बसतो. त्याच्या पुढे काही अंतर फक्त सम संख्या बसतात. आपली संख्या नेमकी त्या पट्ट्यात पडते.

जमाखर्च

बाळू, स्प्रेडशीटमध्ये टाक, अजून गंमत. १२३४५६७८९८७६५४३०० दिसेल. पंधरा अंक धरून ठेवतं, पुढे शून्यं.
आमच्या हापिसात एकाने सोळा अंकी क्रमांकांची यादी अशी चिकटवली होती. दोनशे जणांचा शेवटचा अंक शून्य. दुपारी चार वाजता लक्षात आलं, घरी पोचायला अकरा वाजले. तेव्हापासून मी सगळे लांब आकडे 'मजकूर' करूनच टाकतो.

रंगीत_खडू

निवृत्त झालो तरी असला प्रश्न दिसला की हात खडू शोधतो. ताई, तुमचं उत्तर अगदीच चूक नव्हतं, अर्धं होतं. लेकीला वहीतलंच पान उघडायला सांगा. लहान उदाहरण घेऊ:

१ १ १
_ १ १ १
_ _ १ १ १
—————
१ २ ३ २ १

(गुणाकारात खालची ओळ डावीकडे सरकते, मी इथे उजवीकडे सरकवली आहे. बेरजेला फरक पडत नाही.)

एकाने गुणल्यावर प्रत्येक ओळ तीच राहते, फक्त एकेक घर सरकते. त्यामुळे खाली जो अंक येतो तो त्या उभ्या रांगेत किती एक उभे आहेत त्याचा. कडेला एकटा, मग दोघे, मधल्या रांगेत सगळे, मग पुन्हा उतरती. नऊ एकांपर्यंत कुठल्याच रांगेत नऊच्या वर माणसं नाहीत. म्हणजे अख्ख्या बेरजेत एकदाही हातचा येत नाही.

दहा एक घेतले की मधल्या रांगेत दहा. शून्य लिहायचं, हातचा एक. डावीकडच्या रांगेत नऊ होते, त्यात हा आला, झाले दहा. पुन्हा शून्य, पुन्हा हातचा एक. त्याच्या डावीकडे आठ. त्याने हातचा घेतला, नऊ झाला, आणि वरात तिथे थांबली. आता तुमचं उत्तर पाहा: १२३४५६७, मग ९, मग दोन शून्यं, मग ९८७६५४३२१. हातचा फक्त डावीकडे जातो, म्हणून उजवा अर्धा भाग जसाच्या तसा आणि डावा मोडला.

दहा आहे हे तिचं म्हणणं बरोबरच. पण त्याला एका घरात राहता येत नाही.

पाटीपेन्सिल

सर, __/\__
हे तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे आठ हरवला नाही, बढती मिळाली त्याला."

कोकमसरबत

आणि नवाची थेट शून्यावर बदली. सरकारी खातं दिसतंय.

दिडकी_पावकी

मला त्या संख्येचं वाचन करून पाहायचा मोह झाला. १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१. बारा पद्म, चौतीस नील, छप्पन्न खर्व, अठ्ठ्याहत्तर अब्ज, अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख, चोपन्न हजार तीनशे एकवीस. आमच्या आजीने ऐकलं असतं तर दृष्ट काढली असती.

तळटीप

आजीची माफी मागून: खर्व म्हणजे किती ते आधी ठरवा. भास्कराचार्यांच्या लीलावतीत अब्ज म्हणजे एकावर नऊ शून्यं, आणि खर्व लगेच पुढचं घर, एकावर दहा. मग निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. तिथे प्रत्येक घराला स्वतःचं नाव. तुम्ही जे वाचलंत त्यात दोन-दोन घरांनी नाव बदलतं, म्हणून खर्व एकावर अकरा शून्यं. नील तर लीलावतीच्या यादीत नाहीच.

लीलावतीप्रमाणे या संख्येतला पहिला १ 'मध्य'च्या घरात बसतो. परार्धाला एकच घर कमी.

दिडकी_पावकी

बरं बाई/बुवा. आम्ही शाळेत एकं दहं शतं म्हणत कोटीपर्यंतच पोचायचो, तेवढ्यात मधली सुट्टी व्हायची.

रंगीत_खडू

नावाचा प्रश्न राहिला होता. नाव आहे, आणि ते आपल्याच माणसाने दिलेलं आहे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणू. १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर. त्यांची ६१७४ ही संख्या बऱ्याच जणांना ठाऊक असते. पण १, १२१, १२३२१ पासून तुमच्या लाल चौकटीपर्यंतच्या या मंडळींना त्यांनी 'डेमलो संख्या' म्हटलं, त्यातही हे खास 'अद्भुत डेमलो'.

मूळ डेमलो संख्या जरा वेगळी. डावा तुकडा, उजवा तुकडा, आणि मध्ये दोघांच्या बेरजेचा अंक हवा तितक्या वेळा. १६५ मध्ये १ + ५ = ६. २५५३ मध्ये २ + ३ = ५. ४७७७३ मध्ये ४ + ३ = ७. यावर त्यांनी गुंजीकरांबरोबर १९३९ साली मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात लेखही लिहिला.

आता डेमलो म्हणजे काय? जी.आय.पी. रेल्वेवर मुंबईपासून तीस मैलांवरचं स्टेशन. तिथे त्यांना ही कल्पना सुचली. आजचं नाव डोंबिवली.

सातबत्तीस

थांबा थांबा थांबा. काय???
मी बावीस वर्षं डोंबिवलीहून गाडी पकडतोय. तीस मैल म्हणजे अठ्ठेचाळीस किलोमीटर, अंतर तर बरोबर बसतं. पण डेमलो? आमच्या बिल्डिंगमधल्या ऐंशी वर्षांच्या काकांना आत्ता फोन करून विचारलं. ते म्हणाले, "कोण डेमेलो? तो वसईला राहायचा."

कोकमसरबत

=)) =))
धागा इथेच संपवला तरी चालेल.

सातबत्तीस

ह. घ्या, पण एक सांगतो. सकाळी फलाटावर उभं राहिलं की कापरेकरांना हे इथेच का सुचलं ते कळतं. गर्दी कशी असते? कडेला एकटादुकटा, मग दोन, तीन, आणि मधल्या डब्याच्या जागेसमोर नऊ. दहावा आला की कोणीतरी बाजूच्या रांगेत ढकललं जातं.

रंगीत_खडू

सातबत्तीस, तीस वर्षं शिकवलं पण हे उदाहरण सुचलं नव्हतं. चोरतो.

वाचनमात्र

पहिल्यांदाच लिहितेय. आकड्यातलं कळत नाही, पण दोन्हीकडून सारखं म्हणजे 'रामाला भाला मारा' आणि 'टेप आणा आपटे' सारखंच ना?

कोकमसरबत

आणि 'चिमा काय कामाची'!

तळटीप

चिमा बाद. पहिली चि ऱ्हस्व, शेवटची दीर्घ.

कोकमसरबत

तुमचा हातचा कायम डावीकडेच जातो का हो?

कडूकारलं

सगळं वाचलं. कौतुक करा, हरकत नाही, पण याला गणित म्हणू नका. आपल्या हाताला दहा बोटं म्हणून आपण दहाच्या पायात (म्हणजे ० ते ९ या दहाच अंकांनी) लिहितो, म्हणून ही नक्षी दिसते. संख्येचा स्वतःचा गुणधर्म वेगळा आणि ती लिहिण्याच्या पद्धतीचा वेगळा. हार्डीसारख्या गणितज्ञाने अशाच दोन संख्यांची टर उडवली आहे: ८७१२ आणि ९८०१. स्वतःच्याच उलट्या रूपाच्या पटीत असणाऱ्या चार अंकी संख्या या दोनच (८७१२ = ४ × २१७८, ९८०१ = ९ × १०८९). कोड्यांच्या सदराला ठीक, गणितज्ञाला त्यात काही नाही, असं त्याचं मत. मी त्याच्या बाजूचा.

बायनरीबाळू

अर्धं मान्य. पण पाया बदलला तर नक्षी नाहीशी होत नाही कारलेसाहेब, फक्त मोडायची जागा बदलते. बाराच्या पायात अकरा एकांपर्यंत टिकते, सोळाच्या पायात पंधरापर्यंत. आणि माझ्या लाडक्या दोनच्या पायात दुसऱ्याच पायरीला कोसळते: ११ चा वर्ग १००१ (म्हणजे ३ चा वर्ग ९). पाया कुठलाही घ्या, त्याहून एक कमी इतक्या एकांपर्यंत हातचा येत नाही. हे विधान कुठल्याही बोटांवर अवलंबून नाही.

कडूकारलं

हे चांगलं मांडलंत. तरी मत बदललेलं नाही.

रंगीत_खडू

कारलेसाहेब, कापरेकरांना हेच ऐकावं लागलं. त्यांच्या कामाकडे अनेकांनी खेळ म्हणूनच पाहिलं. १९७५च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनरने अमेरिकेतल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठे बाहेरच्या जगात नाव झालं. तोवर मास्तरांना निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती. तुमचा आक्षेप चुकीचा नाही. पण सहावीतल्या मुलीने एक्याऐंशी एक लिहिले ते हार्डीसाठी नाही.

जमाखर्च

मला यातलं गणित किती ते माहीत नाही, पण पाडून बघायला आवडतं. काल रात्री कागदावर केलं ते टाकतो.

नऊ एक = ९ × १२३४५६७९. पुढे १२३४५६७९ = ३७ × ३३३६६७, आणि या दोन्ही मूळ संख्या. म्हणजे लाल चौकटीतली संख्या = ३ चा चौथा घात × ३७ चा वर्ग × ३३३६६७ चा वर्ग. विभाजक मोजले तर ५ × ३ × ३ = ४५.

अंकांची बेरीज १ पासून ९ पर्यंत चढून पुन्हा १ पर्यंत उतरायची: ८१. संख्येला ८१ ने नि:शेष भाग जातो. उत्तर १५२४१५७८९९७१०४१, आणि तो १२३४५६७९ चा वर्ग. ताळा जुळला, आता झोपतो.

रंगीत_खडू

ताळा जुळला तो असा जुळला आहे की कापरेकर खूश झाले असते. ज्या संख्येला स्वतःच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो तिला त्यांनी नाव दिलं 'हर्षद'. हर्ष देणारी.

सातबत्तीस

आणि आठ पुन्हा नाही! १२३४५६७९. आमच्या लहानपणी गाडीत एक गृहस्थ हा खेळ करायचे. कुठला अंक आवडतो विचारायचे, समजा ४. मग ३६ ने गुण म्हणायचे. १२३४५६७९ × ३६ = ४४४४४४४४४. ठाण्यापर्यंत आम्ही गप्प. हा आठ कुठे उतरला ते मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही.

बायनरीबाळू

त्याच स्टेशनवर उतरला, हातच्याच्या. १ ला ८१ ने भागा: ०.०१२३४५६७९०१२३४५६७९... अखंड. आता हेच ०.०१ + ०.००२ + ०.०००३ असं एकेक घर सरकत मांडा. ७, ८, ९ येतात, मग १० ला जागा पुरत नाही. त्याचा हातचा नवावर, नवाचा आठावर. आठ झाला नऊ. लेकीची दोन शून्यं आणि हा हरवलेला आठ, एकाच घटनेचे दोन पंचनामे.

अकरा एक घेऊन बघा: १२३४५६७९०१२०९८७६५४३२१. डावीकडे ७ नंतर ९०१२ आलं ना? एक जसजसे वाढवाल तसतशी डावी बाजू या १/८१ च्याच अंकांवर चालत राहते.

वाचनमात्र

माझ्या फोनवर लाल चौकटीतली संख्या १.२३४५६७९ अशी काहीतरी दिसते, पुढे १६. तिथेही आठ नाही. तोही हातच्यामुळे?

बायनरीबाळू

नाही, तिथे फोनने जागा नाही म्हणून ७८९८ च्या जागी ७९ केलं. तो आठ बिचारा नुसत्या आळसाचा बळी.

कोकमसरबत

एका आठाची किती परवड. मला एक शंका: सगळे एकच एक असलेली संख्या मूळ असणार ना? एकाशिवाय आत आहेच काय!

जमाखर्च

नऊ एक वर पाडून दाखवले की. दहा एक = ११ × ४१ × २७१ × ९०९१. ११ मूळ आहे, त्यानंतरची थेट एकोणीस एकांची, मग तेवीस एकांची. मधल्या सगळ्या फुटतात.

सातबत्तीस

विषयांतर: कापरेकरांना स्टेशनांचा नाद होता का? सर म्हणाले ते नोकरीला देवळालीला. 'देवळाली संख्या' असंही कुठेतरी वाचल्यासारखं वाटतंय.

रंगीत_खडू

बरोबर वाचलंत, त्यांचीच. एखादी संख्या घ्यायची, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवायची. २१ + २ + १ = २४, म्हणजे २१ ही २४ ची आई. २० ला अशी आई कुठेच सापडत नाही. जिला आई नाही ती देवळाली संख्या.

सातबत्तीस

डोंबिवलीकर आणि देवळालीकर, दोन्ही मध्य रेल्वेचे. पश्चिमवाल्यांनी नोंद घ्यावी.

दिडकी_पावकी

डहाणू पश्चिमेला आहे हो, जन्म तिकडचा!

पाटीपेन्सिल

चार दिवस धाग्यावर यायला जमलं नाही, परीक्षा होती (तिची, ताप मला). पण काल जे झालं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

कापरेकरांचं नाव ऐकून तिने शाळेच्या वाचनालयातून शोधून आणलं की 'कापरेकर संख्या' अशीही एक जात असते. ४५ चा वर्ग २०२५. मध्ये कापा: २० + २५ = ४५, परत तीच. ५५ चा वर्ग ३०२५, ३० + २५ = ५५. २९७ चा वर्ग ८८२०९, ८८ + २०९ = २९७.

मग अर्थात लाल चौकट कापायला घेतली. उजवीकडचे नऊ अंक एका बाजूला, उरलेले डावीकडे:

१२३४५६७८ + ९८७६५४३२१ = ९९९९९९९९९

नऊ एक यायला हवे होते, आले नऊ नऊ. दिसायला छान, पण तिचं तोंड उतरलं. वही मिटली. पाच मिनिटांनी पुन्हा उघडली आणि ते मोडकं उत्तर घेतलं, दहा एकांचं, ज्यावर तिने त्या रात्री फुली मारली होती. उजवीकडचे दहा अंक, उरलेले डावीकडे:

१२३४५६७९० + ०९८७६५४३२१ = ११११११११११

मी दोनदा मोजले. दहा एक.

सर, हे असं का?

रंगीत_खडू

ताई, मीही आत्ता कागदावर करून पाहिलं. दहा एक ही कापरेकर संख्या आहे हे मला माहीत नव्हतं. कशी होते ते सांगतो.

दहा-दहा अंकांचे तुकडे करून बेरीज घेणं म्हणजे दहा नवांनी भागून बाकी पाहणं. ९९ ने भागताना दोन-दोन अंकांची बेरीज घेतो, तीच युक्ती. दहा नऊ म्हणजे दहा एकांची नऊपट. आता दहा एकांचा वर्ग म्हणजे दहा एक, स्वतःइतक्या वेळा. त्यांतले नऊ-नऊचे गठ्ठे बाकीत गळून पडतात. दहा एकांना ९ ने भागलं तर बाकी १, म्हणून शेवटी दहा एक एकदाच उरतात. नऊ एकांना ९ ने पूर्ण भाग जातो, उरत काहीच नाही, म्हणून तिथे नुसते नऊ नऊ. हातचा आला, नक्षी मोडली, तरी बाकीला त्याचा पत्ताच नाही.

तिला विचारा, फुली खोडली का?

पाटीपेन्सिल

खोडली नाही. फुलीच्या भोवती हिरवी चौकट केली आहे. लाल स्केचपेन वाळलं.

कडूकारलं

बाकीवालं स्पष्टीकरण गणित आहे. हे मी मान्य करतो. फक्त हे.

कोकमसरबत

कारलं गोड झालं, धाग्याला कुलूप लावा.

सातबत्तीस

कुलूप नको, गाडी ठाण्याला थांबलीय, एकोणीस एकांचा वर्ग करतोय. मधल्या रांगेत एकोणीस जण आहेत आणि सगळे मुलुंडला उतरणारे.